निषेध कुणाचा?

‘प्राध्यापकांचा निषेध’ असा मथळा आला की बातमी वाचल्याशिवाय काही उलगडत नाही. प्राध्यापकांनी निषेध केला, की प्राध्यापकांचाच कुणी केला? षष्ठीचा ‘चा’ दोन्हीकडे चालतो. मथळा देणाऱ्याला हे कळत नाही असे नाही. ओळीत मावणारी अक्षरे मोजकी असतात आणि वाचक संदर्भाने सावरून घेतो. पण या अडचणीच्या मुळाशी गेलो की एक गंमत दिसते. ज्या मराठी माणसाला उठल्यासुटल्या कशाचा तरी निषेध करायचा असतो, त्याच्याजवळ त्यासाठी साधे, एकपदी क्रियापद नाही. ‘निषेधणे’ आज कुणी म्हणत नाही. नाम घ्यायचे आणि त्याला ‘करणे’, ‘व्यक्त करणे’, ‘नोंदवणे’ असे काहीतरी जोडायचे. ‘धिक्कारणे’ आहे, पण ते बहुधा एकट्याचे काम: पद धिक्कारले, मोह धिक्कारला, आलेला पैसा धिक्कारला. चौकात माणसे जमली की तेही ‘धिक्कार असो’ म्हणत पुन्हा नामाकडे वळते.

हिंदीत हा शब्द वेगळा वागतो. रेल्वे स्थानकावर ‘धूम्रपान निषेध’ ही पाटी वाचून एखाद्या मराठी मुलाला इथे विडी ओढणाऱ्यांविरुद्ध मोर्चा निघाला असावा असे वाटले, तर त्याला हसू नये. हिंदी संस्कृतातल्या अर्थाला धरून राहिली: निषेध म्हणजे मनाई. शास्त्रात विधी आणि निषेध ही जोडी, हे करा आणि ते करू नका. ‘त्याला कसला विधिनिषेध नाही’ असे म्हणताना मराठीही तोच जुना अर्थ वापरते. सुटा ‘निषेध’ मात्र आपल्याकडे मनाईवरून नापसंतीवर सरकला. हिंदी पुढारी ज्याची ‘कड़ी निंदा’ करतो त्याचा मराठी पुढारी ‘तीव्र शब्दांत निषेध’ करतो. मराठी ‘निंदा’ला पाठीमागे बोलण्याचा वास आहे, संतांच्या अभंगांतला निंदक तिला चिकटलेला आहे, म्हणून सार्वजनिक कामासाठी तिला आपण ‘निंदाव्यंजक ठरावा’पुरतेच ठेवले.

हे सरकणे मला महत्त्वाचे वाटते. मनाई करायची तर हातात सत्ता लागते: शास्त्री, राजा, पंचायत यांपैकी कुणीतरी असावे लागते. नापसंती जाहीर करायला यातले काहीच लागत नाही. ज्याला मनाई करण्याचा अधिकार नव्हता त्यानेच हा शब्द उचलला आणि ‘थांबवू शकत नाही, पण मान्यही नाही’ या अर्थाने वापरायला सुरुवात केली, असा माझा तर्क आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सभा, अर्ज आणि ठराव यांची सवय महाराष्ट्राला लागली. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० ची. सरकारला अडवण्याची ताकद नसलेल्या माणसांनी आपले म्हणणे निदान कागदावर आणायचे, ही त्या काळची रीत. ‘निषेध नोंदवला’ या प्रयोगातले ‘नोंदवणे’ त्या रीतीला शोभून दिसते.

आज या नोंदवण्याची थट्टा होते. निषेधाने काय होते, दोन ओळींचे पत्रक काढले की संपले, असे आपण म्हणतो. ते खोटेही नाही. पण निषेधाला दात नाहीत ही तक्रार करण्याआधी, दात असलेला त्याचा पूर्वज कसा होता ते पाहिले पाहिजे.

तो पूर्वज म्हणजे वाळीत टाकणे. ‘वाळणे’ म्हणजे वगळणे, बाहेर काढणे. या जुन्या क्रियापदाचा अवशेष आता या एका वाक्प्रचारात उरला आहे. वाळीत टाकलेल्याशी रोटीबेटी बंद, पाणी बंद, न्हावी-परीट बंद, मर्तिकाला खांदा बंद. ब्राह्मणांत आणि इतर वरच्या जातींत या प्रकाराला ग्रामण्य म्हणत. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१९ मध्ये ‘ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास’ लिहिला, यावरून या भानगडी किती होत्या याचा अंदाज यावा. पेशवाईपासून चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या पाठीमागे लागलेली ग्रामण्ये हा त्यांच्या संतापाचा विषय होता. ग्रामण्यात दोष काढणारा, न्याय करणारा आणि शिक्षा अंमलात आणणारा, तिघेही एकच असत: समाज. अपील करायचे तर शंकराचार्यांकडे.

ग्रामण्याचे सगळ्यांत बोलके उदाहरण पुण्याचे, आणि ते एका कपाएवढे आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी कपाला नुसता हात लावला, कुणी तोही लावला नाही. हे सगळे जुळवून आणणारे होते गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, ज्यांना लोकांची पंचाईत करण्यात मनापासून रस होता. त्यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात छापून आणली. चहा पिण्याने जे झाले नव्हते ते नावे छापण्याने झाले. सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे फिर्याद नेली, चौकशीसाठी शास्त्री बसले, आणि प्रकरण १८९२ पर्यंत चालले. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा राग ओढवून घेतला. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत या काळाचा ताण घराच्या आतून वाचायला मिळतो, आणि तो वादविवादाच्या कुठल्याही ग्रंथापेक्षा जास्त समजावतो. न्यायासनावर बसणाऱ्या माणसालाही श्राद्धाला भटजी लागतो. ज्यांच्या मुली सासरी नांदत असतात त्यांना व्याह्यांच्या भुवया बघाव्या लागतात. ग्रामण्याची मूठ तिथे होती.

या प्रकरणात दोन काळ एकमेकांवर आदळलेले दिसतात. आरोप वर्तमानपत्रात झाला, शिक्षा पंक्तीत मिळाली. छापील नाव आणि जातीचा निकाल यांची अशी गाठ पडली की माणूस कसा कात्रीत सापडतो, हे त्याआधीही एकदा दिसले होते. मुंबईत १८४९ मध्ये निघालेली परमहंस सभा जातिभेद मोडायला निघाली, पण गुपचूप. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, पण बाहेर बोलायचे नाही. पुढे सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली आणि नावे फुटणार एवढ्या भीतीनेच सभा मोडली. कुणीही कुणाचा निषेध केला नव्हता. नुसती यादी बाहेर पडण्याची शक्यता पुरेशी होती.

धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. कर्वे बसतील तिथे बसायचे नाही, आणि ते आईच्या घरी उतरले तर आईलाही वाळीत. ही दुसरी अट ज्याने सुचवली त्याला माणसाच्या मनाची जाण चांगली होती. वाळीत टाकणे एका माणसावर थांबत नाही, त्याच्याशी बोलणाऱ्यावर जाते, मग त्याच्याशी बोलणाऱ्यावर. शिक्षा राबवायला शिपाई ठेवावा लागत नाही, कारण जो तो स्वतःच्या भीतीने पहारा देतो.

ग्रामण्याला गंभीर चेहरा होता. रस्त्यावरच्या धिक्काराला मात्र तमाशाची हौस. आपल्या वाक्प्रचारांतच सगळी जागा भरलेली आहे: लक्तरे वेशीवर टांगायची, भानगड चव्हाट्यावर आणायची, तोंडात शेण घालायचे, तोंडाला काळे फासायचे, गाढवावर बसवून धिंड काढायची. यातले बरेच काही एकेकाळी अक्षरशः होत असे. १७९१ मध्ये घाशीराम कोतवालाची पुण्यात धिंड काढली आणि शेवटी लोकांनी त्याला दगडांनी ठेचले. पुढे शिक्षेचे सोंग झाले. १८७५ मध्ये दयानंद सरस्वतींची पुण्यात मिरवणूक निघाली; फुले आणि रानडे तिच्या पाठीशी होते. विरोधकांनी त्याच दिवशी एका गाढवाला सजवून ‘गर्दभानंदाचार्य’ म्हणून मिरवले. आगरकरांची प्रेतयात्रा तर ते जिवंत असताना काढली गेली. आजची ‘प्रतीकात्मक प्रेतयात्रा’, ‘जोडे मारो आंदोलन’, शिमग्यासारखी बोंब ठोकायचे ‘बोंबाबोंब आंदोलन’ हे सगळे त्या गाढवाचे वंशज. हसून सोडून देण्यासारखे वाटते, पण घाशीरामापासून पुतळ्यापर्यंत येताना एक मोठी गोष्ट घडली: जोडा आता फोटोला बसतो. अधूनमधून कुणी शाईची बाटली घेऊन खऱ्या तोंडापर्यंत जातो, तेव्हा हे अंतर किती पातळ आहे ते कळते.

‘बहिष्कार’ या शब्दाची कथा याहून गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे.

आयर्लंडातल्या मेयो परगण्यात १८८० मध्ये चार्ल्स बॉयकॉट नावाचा कॅप्टन एका जमीनदाराचा कारभारी होता. खंड कमी करा म्हणणाऱ्या कुळांना तो हुसकावायला निघाला, तेव्हा गावाने त्याच्याशी व्यवहार तोडला. पीक कापायला मजूर मिळेना, दुकानदार माल देईना. बाहेरून आणलेल्या पन्नासेक मजुरांच्या रक्षणाला सुमारे हजार सैनिक लावून ते पीक निघाले. वर्ष संपायच्या आत कॅप्टनच्या आडनावाचे इंग्रजीत क्रियापद झाले. पंचवीस वर्षांनी, १९०५ च्या वंगभंगानंतर, ते हत्यार हिंदुस्थानात आले, आणि मराठीत त्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा जातीच्या कोठारात ‘बहिष्कार’ तयारच होता. त्याच वर्षी पुण्यात सावरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी विलायती कपड्यांची होळी केली. स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाबरोबर बहिष्कार टिळकांच्या चतुःसूत्रीत जाऊन बसला. ज्या टिळकांनी तेरा-चौदा वर्षांपूर्वी चहाच्या कपापायी बहिष्काराची झळ सोसली, त्यांनीच तो शब्द मँचेस्टरच्या कापडाकडे वळवला. शब्दाची दिशा उलटली: जो वरून खाली येत असे तो खालून वर जाऊ लागला.

पूर्ण उलटली मात्र नाही. विलायती मालाला सरकारचे संरक्षण होते, तो विकणाऱ्या गल्लीतल्या दुकानदाराला नव्हते. बंगालमध्ये स्वदेशीच्या नावाने गरीब, बहुधा मुसलमान, व्यापाऱ्यांवर कशी जबरदस्ती झाली हे रवींद्रनाथांनी ‘घरे बाइरे’ या १९१६ च्या कादंबरीत दाखवले, आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. असहकाराच्या काळात गांधींनाही आपल्याच माणसांना सांगावे लागले की मतभेदापायी कुणाचे अन्नपाणी तोडणे अहिंसेत बसत नाही. साम्राज्याविरुद्ध उचललेले हत्यार शेजाऱ्यावर पडायला वेळ लागत नाही, कारण शेजारी जवळ असतो.

आणि या सगळ्या काळात गावोगावच्या अस्पृश्यांवर जुना, वरून खाली येणारा बहिष्कार चालूच होता. मेलेले जनावर ओढायला नकार दिला, सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी घेतले, मुलाला शाळेत इतरांच्या रांगेत बसवले, की गावाचा निकाल लागे. वाण्याने मीठमिरची द्यायची नाही, शेतात काम द्यायचे नाही, वाट बंद. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये काढलेल्या संस्थेच्या नावात ‘बहिष्कृत’ घातले, १९२७ च्या एप्रिलमध्ये सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवले. टिळकांच्या शब्दकोशात जे कर्तरी होते ते इथे कर्मणी झाले. ‘आम्ही बहिष्कार घालतो’ असे म्हणणाऱ्या देशाला ‘आमच्यावर तुम्ही घातला आहे’ हे त्या एका विशेषणाने सांगितले.

मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने, जिच्यात आंबेडकर होते, १९३० च्या अहवालात बहिष्कार हे अस्पृश्यांविरुद्धचे प्रभावी हत्यार असल्याचे नोंदवले: पोटापाण्यासाठी हा वर्ग सवर्णांवर अवलंबून आहे, म्हणून त्याला आपले हक्क बजावणे परवडत नाही. त्याच वर्षी गोलमेज परिषदेत आंबेडकर आणि श्रीनिवासन यांनी जो मसुदा मांडला त्यात बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती, आणि उघड मारहाण त्यापुढे काहीच नाही अशा अर्थाचे म्हणणे होते. गुन्ह्याची व्याख्या त्यांनी उचलली ती ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यातून, आणि तसे त्यांनी उघड सांगितले. आता तो ब्रह्मदेशातला कायदा कशासाठी होता? राष्ट्रवादी चळवळीने सरकारला साथ देणाऱ्यांवर घातलेले बहिष्कार मोडण्यासाठी. म्हणजे स्वातंत्र्याच्या बाजूच्या माणसांना दाबायला इंग्रजांनी केलेला मसुदा, माणूसपणाच्या बाजूच्या माणसांना वाचवायला थोड्याफार फरकाने कामी आला. हे वाचून अनेकांना अस्वस्थ वाटते. मला ते आंबेडकरांच्या नजरेचे लक्षण वाटते. हत्यार कुणी घडवले यापेक्षा ते कुणाच्या हातात आहे आणि समोर कोण आहे, एवढेच त्यांनी पाहिले. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी ही मागणी पुन्हा लावून धरली.

म्हणून ‘बहिष्कार चांगला की वाईट’ हा प्रश्न मला पोकळ वाटतो. कॅप्टन बॉयकॉट गाव सोडून जाऊ शकत होता, आणि गेला. ज्याला जाण्यासारखी दुसरी जागा नाही, दुसरा पाणवठा नाही, दुसरा वाणी नाही, त्याच्यावर घातलेल्या बहिष्काराला तेच नाव देणे ही भाषेची गैरसोय आहे.

सरकारविरुद्ध बोलण्याचे तंत्र वेगळ्याच अडचणीतून घडले. १८९७ मध्ये प्लेगच्या बंदोबस्तावरून आणि रँडच्या खुनानंतर ‘केसरी’ने ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असे विचारले. हे शीर्षक आजही राजकारणी येताजाता वापरतात. त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, आणि न्यायमूर्ती स्ट्रॅचींनी अप्रीतीचा अर्थ प्रीतीचा अभाव असा लावला. सरकारवर प्रेम नसणे एवढाही गुन्हा! अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी कलम सुधारून सरकारच्या कृत्यांबद्दल नापसंती दाखवायला मोकळीक ठेवली गेली, मात्र तिने द्वेष किंवा तिरस्कार चेतवता कामा नये. नापसंती चालेल, तिरस्कार नाही: यातली रेघ कुठे, हे प्रत्येक संपादकाने अंदाजाने ओळखायचे. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी आपल्या लांबलचक भाषणात सरकारी भाषांतराचे वाभाडे काढले, कारण मराठी शब्दाची धार इंग्रजीत किती वाढवली यावर तुरुंगाची वर्षे ठरत होती. वर्षे सहा ठरली. मराठी अग्रलेखात अजूनही जो प्रश्नार्थक, उपरोधिक, ‘आम्ही काही म्हणत नाही, फक्त विचारतो’ असा सूर दिसतो त्याची तालीम या खटल्यांनी घेतली, असे मला वाटते.

एवढे पाहून पुन्हा आजच्या निषेधाकडे यावे. त्याचे मोल कशाने ठरते? शब्दाच्या जोराने नक्कीच नाही. १९७५ च्या डिसेंबरात आणीबाणीत कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि आजारी जयप्रकाश नारायणांना आराम पडावा म्हणून प्रार्थना करवली. प्रार्थनेत आक्षेपार्ह काय, असे कुणीही विचारू शकला असता. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. ‘तीव्र शब्द’ तिथे एकही लागला नाही. बोलणाऱ्याला काय गमवावे लागेल हे सगळ्यांना दिसत होते, तेवढे पुरले.

दुसरे उदाहरण चिकाटीचे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे दर महिन्याच्या वीस तारखेला त्या पुलावर जमत राहिले. पुलाचे नाव महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांचे आहे, हाही एक योग. स्वतःच्या समाजाचा रोष पत्करून अस्पृश्यांत काम केलेला माणूस. खटल्याचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडले: दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. त्या वीस तारखांनी निकाल आणला असे मी म्हणणार नाही. पण प्रकरण विसरले गेलेले नाही एवढे त्या दरमहा सांगत होत्या. ‘नोंदवणे’ या क्रियापदाला अर्थ येतो तो असा, तीच नोंद पुन्हापुन्हा केल्याने.

याच्या उलट टोकाला पत्रकातला निषेध. त्याचा साचा पाठ आहे: घटना निंदनीय, हल्ला भ्याड, शब्द तीव्र, निषेध जाहीर. (गुपचूप निषेध कसा करतात ते मला अजून कळलेले नाही.) ‘निषेध करावा तेवढा थोडा’ असे म्हणून तो थोडाच केला जातो. तहसीलदाराला निवेदन, निवेदन देतानाचा फोटो, फोटोत बारा जणांची नावे डावीकडून उजवीकडे. ज्याचा निषेध आहे त्याला पत्ताही नसतो. ही निर्जीव रीत असली तरी निरुपद्रवी आहे, आणि तालुक्याच्या गावात बारा माणसांनी आपले नाव एका बाजूला लिहून देणे अगदीच फुकटचे नसते.

उपद्रव सुरू होतो तो निषेध तिसऱ्यावर लादला की. ‘बंद’ हा त्यातला सर्वांत जुना प्रकार. ‘कडकडीत बंद’ या शब्दातला कडकडाट दुकानदाराच्या शटरवर पडणाऱ्या काठीचा असतो, हे बातमीत येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये बंद घटनाबाह्य ठरवला. घाटकोपरच्या बॉम्बस्फोटानंतर ३० जुलै २००३ ला मुंबईत झालेल्या बंदाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले. स्फोटाचा संताप खरा होता. पण तो दाखवायचा की नाही, हे ठरवण्याचा हक्क टॅक्सीवाल्याला उरला नव्हता.

नवा प्रकार याहून सूक्ष्म आहे: ‘तुम्ही निषेध का केला नाही?’ अमुक घटनेवर बोललात, तमुक घटनेवर गप्प का? मोबाइलवर हा सवाल दिवसाला शेकडो वेळा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला उत्तर नको असते. न बोललेल्यांच्या याद्या निघतात, अमक्याचे सिनेमे पाहू नका, तमक्याच्या दुकानात जाऊ नका अशी आवाहने फिरतात. सिनेमावर बहिष्कार घालणे हा प्रेक्षकाचा हक्क आहे. न पाहिल्याने मोठा नट उपाशी मरत नाही. पण गावातल्या एका समाजाच्या भाजीवाल्याकडून घेऊ नका, असे जेव्हा ठरते, तेव्हा गोपाळराव जोश्यांची छापील यादी आणि मुरुडचा ठराव एकाच पडद्यावर आलेले असतात. शंकराचार्यांकडे अपील करायची सोय मात्र राहिलेली नाही.

कायदा या बाबतीत बराच उशिरा, पण नेमका बोलला. अनुसूचित जाती-जमातींवरील बहिष्कार अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीत स्पष्टपणे गुन्हा ठरला. जातीच्या आतला बहिष्कार मात्र मोकळा राहत होता, आणि महाराष्ट्रात तो भूतकाळ झालेला नव्हता: कोकणातल्या, विशेषतः रायगडमधल्या, गावक्यांनी घरेच्या घरे वाळीत टाकल्याच्या तक्रारी येत होत्या. नाशिकमध्ये २०१३ साली जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानेच खून केल्यावर अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याचे अभियान हाती घेतले. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा विधिमंडळाने १३ एप्रिल २०१६ ला, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी, मंजूर केला आणि ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. असा कायदा करणारे महाराष्ट्र पहिले राज्य.

तरी एक गाठ राहिली आहे, आणि ती जुनी आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्येच समाजातून बहिष्कृत करण्याला बंदी घातली होती. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी तिला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो कायदा रद्द केला: धार्मिक कारणाने सभासदाला बाहेर काढणे हा पंथाच्या कारभाराचा भाग आहे, असे बहुमताचे म्हणणे. एकटे पडले ते सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा. बाहेर काढलेला माणूस आपल्याच समाजात अस्पृश्य होतो, तेव्हा त्याला वाचवणारा कायदा घटनेच्या सतराव्या कलमाच्या आशयाला धरूनच आहे, असे त्यांनी लिहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने १९६२ चा तो निकाल फेरविचारासाठी नऊ जणांच्या पीठाकडे सोपवला. पंथाला आपल्या माणसाचा निषेध करता यावा याबद्दल कुणाची तक्रार नाही. त्याला चुकलेला म्हणा, पाखंडी म्हणा, प्रार्थनेच्या वेळी नाव घेऊन म्हणा. प्रश्न त्याच्या पुढचा आहे: त्याच्या आईला कब्रस्तानात जागा मिळणार का, आणि त्याच्या मुलीशी बोलल्याबद्दल शेजारणीला घर सोडावे लागणार का. सिन्हांनी एकसष्ट वर्षे आधी या प्रश्नाचे उत्तर दिले होते, आणि ते मला अजून खोडता येईल असे वाटत नाही.